राज्याचं नियोजन होतं कसं? गावाचा आकडा कुठे लागतो, कधी लागतो

मार्च महिना आला की गावोगावच्या पारावर एकच प्रश्न निघतो. "आपल्या वस्तीचा रस्ता यंदाही झाला नाही, निधी गेला कुठे?" सरपंच पंचायत समितीकडे बोट दाखवतात, पंचायत समिती जिल्हा परिषदेकडे. आणि जिल्हा परिषदेत उत्तर मिळतं, "आराखड्यात नाव नाही."

आराखडा मार्चमध्ये बनत नाही. तो आदल्या दिवाळीच्या आगेमागे बनायला सुरुवात होते. त्याच्याही आधी किती लोक, किती पेरा, किती शाळाखोल्या, किती किलोमीटर रस्ता याचे आकडे गोळा झालेले असतात. राज्य सरकार विकासाचं नियोजन करतं ते या आकड्यांवर. वस्तीची नोंद कागदावर नसेल किंवा मागणी वेळेत गेली नसेल, तर मार्चमध्ये कितीही आरडाओरड केली तरी त्या वर्षी काम बसत नाही. म्हणून ही सगळी साखळी वरून खालपर्यंत समजून घेतलेली बरी.

आधी मोजणी: आकडे गोळा कोण करतं?

महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. एवढ्या पसाऱ्याचा हिशेब ठेवण्याचं काम नियोजन विभागाच्या हाताखालचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय करतं. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचं जिल्हा सांख्यिकी कार्यालय असतं. बहुतेक लोकांचा या कार्यालयाशी कधी संबंध येत नाही, पण जिल्ह्याबद्दलचा जवळजवळ प्रत्येक सरकारी आकडा तिथून पुढे जातो.

या संचालनालयाची दोन पुस्तकं महत्त्वाची आहेत. पहिलं 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'. ही दरवर्षी निघते आणि साधारणपणे अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी विधिमंडळात मांडली जाते. दुसरं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. यात तालुकावार तक्ते असतात: सिंचन, पिकं, जनावरं, शाळा, दवाखाने, रस्ते, बँका. दोन्ही मराठीत आहेत आणि संचालनालयाच्या वेबसाइटवर मोबाइलवरही पाहता येतात.

या तक्त्यांतला आकडा मूळचा गावातूनच येतो. शाळेत किती खोल्या, किती स्वच्छतागृहं, किती मुलं हे मुख्याध्यापक दरवर्षी यू-डायसच्या माहितीत भरतात. बालकांची वजनं अंगणवाडी सेविका भरतात. जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. पिकाची नोंद सातबाऱ्यावर होते.

पीक पाहणी आणि पीक कापणी

शेतीचं उत्पन्न मोजताना दोन आकडे लागतात: पेरा किती आणि हेक्टरी उतारा किती.

पेऱ्याचा आकडा पीक पाहणीतून येतो. पूर्वी ती फक्त तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करू लागला. अनेकांना वाटतं की ही नोंद फक्त विमा, अनुदान किंवा हमीभावाच्या खरेदीसाठी आहे. पण जिल्ह्यात कुठलं पीक किती हेक्टरवर आहे याचा अंदाजही अशाच नोंदींवर बांधला जातो. गावात तूर उभी असताना सातबाऱ्यावर नुसतं सोयाबीन दिसत असेल, तर सरकारच्या लेखी त्या गावात तूर कमीच.

उताऱ्याचा आकडा पीक कापणी प्रयोगातून येतो. कुणाच्या शेतात प्रयोग होणार हे शेतकरी ठरवत नाही आणि अधिकारीही आपल्या मर्जीने ठरवत नाही. गट नंबर यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखा निवडला जातो. ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. त्यावरून हेक्टरी उत्पादन काढतात. पीकविम्यातही याच उताऱ्याला महत्त्व आहे आणि जिल्ह्याचं शेती उत्पन्न काढतानाही हाच आकडा लागतो. प्रयोगाच्या दिवशी गावातले लोक हजर राहू शकतात. तुकडा नीट आखला का, काटा बरोबर आहे का, हे तिथेच पाहून घ्यावं. नंतर तक्रार करून फार उपयोग होत नाही.

जनगणना: अजून २०११ चाच आकडा

लोकसंख्येच्या बाबतीत मोठी अडचण आहे. २०११ नंतर देशात जनगणना झाली नाही. २०२१ ची जनगणना कोरोनामुळे पुढे गेली. २०११ मध्ये राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती आणि त्यातले सुमारे ५५ टक्के लोक खेड्यात राहत होते. निधीवाटपाची बरीचशी सूत्रं आजवर याच आकड्यांवर चालत आली आहेत. मधल्या काळात एखादी वाडी दुप्पट झाली, एखादं गाव एमआयडीसीमुळे फुगलं, एखादं ऊसतोडीला गेल्यामुळे सहा महिने ओस पडू लागलं, पण कागदावर २०११ चंच चित्र आहे.

नवीन जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. त्याआधी २०२६ मध्ये घरयादीचा टप्पा आहे. या घरयादीत वस्ती, पाडा, तांडा, शेतातली घरं सुटणार नाहीत हे पाहणं गावाच्या हिताचं आहे. त्या वेळी सुटलेलं घर पुढच्या जनगणनेपर्यंत सुटलेलंच राहतं.

सरासरीत काय लपतं?

गोळा झालेल्या आकड्यांतून राज्याचं एकूण उत्पन्न काढतात. वर्षभरात शेती, उद्योग आणि सेवा क्षेत्रात मिळून राज्यात किती मूल्याची भर पडली, त्याचा हा हिशेब. त्यातून होणारी वजावट करून लोकसंख्येने भागलं की दरडोई उत्पन्न मिळतं. २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीत राज्याचं दरडोई उत्पन्न सुमारे ३ लाख ९ हजार रुपये धरलं आहे.

हा आकडा वाचून कोरडवाहू शेतकऱ्याला हसू येईल. चार माणसांच्या घरात वर्षाला बारा लाख? पण ही सरासरी आहे. मुंबई, ठाणे, पुण्याचं उत्पन्न आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीचं उत्पन्न एकत्र करून भागलं की असाच आकडा येतो. राज्याच्या उत्पन्नात शेती व तिला जोडून असलेल्या कामांचा वाटा साधारण १२ टक्क्यांच्या आसपास राहतो. उलट २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक शेतकरी किंवा शेतमजूर होते. थोडक्यात, निम्म्याहून जास्त हातांच्या वाट्याला कमाईचा लहान हिस्सा येतो.

नुसतं उत्पन्न पाहून भागत नाही म्हणून मानव विकास निर्देशांकही काढतात. त्यात उत्पन्नाबरोबर शिक्षण आणि आरोग्य धरलेलं असतं. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा निर्देशांक ०.८४१ होता, राज्याचा ०.७५२ आणि सगळ्यात खाली नंदुरबारचा ०.६०४.

जिल्ह्याची सरासरीही फसवते. सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात पाचशेच्या आसपास. दोन्हींची सरासरी काढली तर जिल्हा ओलाचिंब दिसतो आणि माणदेशाचा टँकर दिसतच नाही. म्हणून नियोजनात आकडा जितका खालच्या पातळीवरचा मिळेल, तितका दुर्बळ गावांना फायदा होतो.

अनुशेषाची गोष्ट

आकडे मोजून अन्याय दाखवता येतो, याचं राज्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अनुशेष. विदर्भ आणि मराठवाड्याला विकासात कमी मिळालं, ही तक्रार जुनी होती. १९८३ मध्ये सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. समितीने रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रं घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल तो त्याचा अनुशेष.

१९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या पुढे निघाला. त्यात विदर्भाचा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उरलेला राज्याच्या इतर भागाचा होता. तोंडी तक्रारीला पहिल्यांदाच रुपयांत आकडा मिळाला.

पुढे १ मे १९९४ रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळं अस्तित्वात आली. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमानुसार निधीचं समन्यायी वाटप पाहण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा अनुशेष सुमारे १४ हजार कोटींवर गेला होता. २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळं पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला.

तालुका मोजला, निळी बस आली

खालच्या पातळीवर मोजलं की काय होतं, याचं उदाहरण अनेक गावांत रोज सकाळी दिसतं. २००६ मध्ये राज्याने मानव विकासात मागे असलेल्या १२ जिल्ह्यांतल्या २५ तालुक्यांत मानव विकास मिशनचं काम सुरू केलं. २०११ मध्ये ते २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत नेलं. या वेळी जिल्ह्यापेक्षा तालुका महत्त्वाचा मानला गेला आणि स्त्री साक्षरतेसारखे निकष लावले गेले.

आठवीच्या पुढे मुली शाळा सोडतात, कारण माध्यमिक शाळा लांबच्या गावात असते, हे आकड्यांतून दिसत होतं. त्यातून आठवी ते बारावीच्या मुलींसाठी गावातून शाळेपर्यंत मोफत एसटी सुरू झाली. तीच 'मानव विकास' लिहिलेली निळी बस. ज्या तालुक्याचं नाव यादीत आलं तिथे बस आली. शेजारच्या तालुक्यातली तितकीच लांबची वाडी यादीबाहेर राहिली तर तिथल्या मुली पायीच.

वरच्या पातळीवर आराखडे कोण बनवतं?

पूर्वी दिल्लीत नियोजन आयोग होता आणि पंचवार्षिक योजना होत्या. १ जानेवारी २०१५ पासून आयोगाच्या जागी नीती आयोग आला. बारावी पंचवार्षिक योजना २०१७ मध्ये संपली, त्यानंतर तेरावी आली नाही.

राज्यात नियोजन विभाग हे मुख्य खातं. २०२२ मध्ये नीती आयोगाच्या धर्तीवर 'मित्रा' ही संस्था स्थापन झाली. पूर्ण नाव महाराष्ट्र इन्स्टिट्यूशन फॉर ट्रान्सफॉर्मेशन, अध्यक्ष मुख्यमंत्री. त्याच सुमारास टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली आर्थिक सल्लागार परिषद नेमली गेली. राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलर, म्हणजे एक लाख कोटी डॉलरपर्यंत न्यायची, हे उद्दिष्ट तेव्हापासून सतत ऐकू येतं.

हे उद्दिष्ट गाठायचं तर नुसत्या मुंबई-पुण्यावर भागणार नाही, हेही सरकारी कागदांत मान्य केलेलं आहे. म्हणून प्रत्येक जिल्ह्याने आपला जिल्हा विकास आराखडा करावा, असं ठरलं. जिल्ह्यात काय पिकतं, कुठला उद्योग चालू शकेल, पर्यटन कुठे आहे, माणसं कुठे कामाला जातात, याचा अभ्यास त्यात अपेक्षित आहे. हा पुढच्या काही वर्षांच्या दिशेचा कागद. दरवर्षी हातात येणारा पैसा मात्र वेगळ्या कागदातून येतो, आणि गावाचा खरा संबंध तिथे आहे.

जिल्हा नियोजन समिती, म्हणजे डीपीडीसी

गावात आजही 'डीपीडीसी' हाच शब्द चालतो. १९७० च्या दशकातच महाराष्ट्राने जिल्हा पातळीवर नियोजन सुरू केलं, तेव्हाच्या जिल्हा नियोजन व विकास मंडळाचं हे नाव. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती घटनेतच आली आणि राज्याने १९९८ मध्ये त्यासाठी कायदा केला.

पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. घटनेप्रमाणे समितीतले किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडायचे असतात, तेही ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. २०२२ नंतर बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि तिथे प्रशासक आले. त्या काळात गटातून निवडून गेलेला सदस्यच नव्हता, म्हणजे गावाची बाजू बैठकीत मांडणारं नेहमीचं माणूस उरलं नव्हतं.

जिल्हा वार्षिक योजनेचे तीन भाग असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती घटक आणि आदिवासी घटक. सर्वसाधारण भागासाठी २०२५-२६ मध्ये राज्यभर २०,१६५ कोटी रुपयांची तरतूद होती. कुठल्या जिल्ह्याला किती, हे लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि मानव विकास निर्देशांक अशा गोष्टी पाहून ठरतं. वर सांगितलेले आकडे इथे थेट पैशात बदलतात.

वर्षाचं चक्र साधारण असं चालतं:

- दसरा-दिवाळीच्या आसपास नियोजन विभाग जिल्ह्याला कमाल मर्यादा कळवतो. एवढ्या रकमेत आराखडा बसवा, असा त्याचा अर्थ.
- नोव्हेंबर-डिसेंबरात जिल्हा परिषद, बांधकाम, कृषी, वन, महावितरण, आरोग्य अशा यंत्रणा आपापले प्रस्ताव देतात. छाननी होते.
- डिसेंबर-जानेवारीत समितीची बैठक होऊन प्रारूप आराखडा मंजूर होतो.
- जानेवारी-फेब्रुवारीत राज्यस्तरीय बैठक होते. तिथे जिल्हे वाढीव रक्कम मागतात.
- मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो आणि एप्रिलपासून नवीन वर्ष सुरू होतं.

वस्तीचा रस्ता कुठे अडकतो?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा मुख्य गावापासून दोन किलोमीटरवर एक वस्ती आहे. चाळीस घरं. पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून आणावं लागतं. रस्ता का होत नाही? बहुतेक वेळा अडचण खालीलपैकी एका ठिकाणी असते.

रस्त्याला नंबर नाही. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांची यादी असते. ग्रामीण मार्ग म्हणजे ग्रा.मा. आणि इतर जिल्हा मार्ग म्हणजे इ.जि.मा. प्रत्येकाला क्रमांक असतो. ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांतून, ज्यांना गावात 'तीस चोपन्न' आणि 'पन्नास चोपन्न' म्हणतात, पैसे अशा नोंदलेल्या रस्त्यांवर पडतात. वहिवाटीची वाट पन्नास वर्षांची असली तरी यादीत नसेल तर तिला या शीर्षातून निधी मिळणं अवघड. आधी नोंद करून घ्यावी लागते, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणि जागेचा वाद नसणं गरजेचं. शेतात जाणारा पाणंद रस्ता असेल तर त्याची वाट वेगळी, ती रोजगार हमीच्या कामांतून जाते.

मागणी चुकीच्या दारात गेली. स्मशानभूमीची शेड, ग्रामपंचायत इमारत अशी कामं जनसुविधा योजनेतून होतात. शाळाखोली, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, विजेचं रोहित्र यांची शीर्षं वेगवेगळी. आमदारांच्या शिफारशीने होणारी 'पंचवीस पंधरा'ची कामं पुन्हा वेगळी. सगळ्यांना मिळून एकच अर्ज दिला तर तो टेबलाटेबलावर फिरत राहतो.

दायित्वाने पैसा खाल्ला. दायित्व म्हणजे आधी मंजूर झालेल्या, पण बिल द्यायच्या राहिलेल्या कामांची रक्कम. नवीन वर्षाच्या निधीतून आधी हे दायित्व वजा होतं. उरलेल्या रकमेच्या साधारण दीडपट नवीन कामं घेता येतात. मागच्या वर्षी भरमसाट मंजुऱ्या दिल्या असतील तर यंदा नवीन कामांना जागाच राहत नाही. "निधी आला होता" आणि "निधी नाही" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात, ती अशी.

मान्यता झाली, पुढचं राहिलं. काम आराखड्यात आल्यावरही प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशी पायरी पायरी असते. मधे आचारसंहिता लागली की नवीन काम थांबतं. जिल्हा परिषदेला हा निधी खर्च करायला दोन वर्षं मिळतात. त्यानंतर शिल्लक रक्कम शासनाकडे परत जाते. प्रशासकीय मान्यता मिळाल्याचा फलक लागला म्हणजे काम झालं, असं नसतं.

गावाचा स्वतःचा आराखडा

जिल्ह्याच्या आराखड्यात गावाला मागणी करावी लागते. ग्रामपंचायत विकास आराखड्यात मात्र गाव स्वतः ठरवतं. राज्यात २०१५ मध्ये 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने याची सुरुवात झाली.

यात मोठा वाटा वित्त आयोगाच्या निधीचा. १५ व्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात राज्यात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्याचं ठरलं. त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं अपेक्षित आहे. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी घटकातला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो.

हा आराखडा ग्रामसभेत मंजूर व्हावा लागतो. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. पण लोक आले नाहीत म्हणून सभा तहकूब झाली, तर त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे घरी बसून सभा पाडता येत नाही. पुढच्या सभेत दहा-पंधरा माणसांत गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर होऊ शकतो आणि तो कायदेशीर असतो.

महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. अनेक गावांत ती फक्त रजिस्टरवर होते. पाण्याची टाकी कुठे हवी, अंगणवाडीची वाट कुठून हवी, हे बायकांना जास्त माहीत असतं. म्हणून ही सभा खरोखर झाली की नाही याकडे बचत गटांनी लक्ष द्यावं.

मोबाइलवर काय पाहता येतं?

- ई-ग्रामस्वराज पोर्टल आणि 'मेरी पंचायत' ॲप: राज्य, जिल्हा, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की गावाचा मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. ग्रामसभेत जे वाचून दाखवलं तेच इथे आहे का, ते ताडून पाहावं.
- जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन: आपल्या तालुक्याचे तक्ते.
- ई-पीक पाहणी: आपल्या गटावर कुठलं पीक नोंदलं आहे.
- जे दिसत नाही ते माहिती अधिकारात मागता येतं. अर्जाला १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. "आमच्या रस्त्याचं काय झालं" असं मोघम विचारू नये. "अमुक ग्रामीण मार्ग क्रमांक मागील तीन वर्षांच्या जिल्हा वार्षिक योजनेच्या प्रस्तावात होता का, असल्यास प्रशासकीय मान्यतेची प्रत द्यावी" असं नेमकं विचारावं.

गावासाठी वर्षाचं वेळापत्रक

१ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत कामांची यादी आणि प्राधान्यक्रम ठरवावा. दहा कामं लिहून द्यायची आणि एकही पुढे जायचं नाही, त्यापेक्षा क्रमाने तीन कामं लिहावीत. प्रत्येकासमोर आकडा लिहावा: वस्तीत घरं किती, माणसं किती, शाळकरी मुलं किती, रस्त्याची लांबी किती, जागा कुणाच्या नावावर.

ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याला नंबर आहे का, जागेचा सातबारा स्वच्छ आहे का, शाळेच्या यू-डायस माहितीत पडकी खोली 'चांगली' म्हणून तर लिहिलेली नाही ना, हे तपासावं. ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांच्याकडून हे कागद मिळतात.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत आराखड्याची चर्चा होते. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घ्यावी. नोव्हेंबर संपायच्या आत ती संबंधित खात्याकडे, पंचायत समितीमार्फत आणि थेट अशी दोन्हीकडे पोचवून पोहोच घ्यावी. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य आणि आमदार यांना प्रत द्यावी.

जानेवारीत समितीची बैठक झाली की प्रस्ताव आराखड्यात आला का हे विचारावं. नसेल तर कारण लेखी मागावं. तेच कारण पुढच्या मे महिन्यातल्या ग्रामसभेत पहिल्या विषयाला घ्यावं. एका वर्षात प्रत्येक रस्ता होणार नाही, पण वस्तीचं नाव, घरांची संख्या आणि रस्त्याचा नंबर एकदा कागदावर आला की "आराखड्यात नाव नाही" हे उत्तर पुन्हा ऐकावं लागत नाही.